डिम्फनाचं नाक, मॅलकीची जीभ

मॅलकी मॅकेंब्रिजचं नाक फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात गेलं. चेहऱ्यावर होतं तिथंच होतं म्हणा, चांगलं लांबलचक, टोकाशी लाल. पण आतला माल गेला. आठ दिवस तापाने फणफणला, नवव्या दिवशी उठून कामावर गेला, शेरीच्या एका रिकाम्या पिंपाचं बूच काढलं, सवयीने भोकाला नाक लावलं आणि थांबला. काहीच नाही. भोक म्हणजे नुसतं भोक. त्याला वाटलं, पिंपच मेलेलं दिसतंय. म्हणून दुसरं हुंगलं. मग तिसरं. सातव्या पिंपाशी त्याच्या ध्यानात आलं की पिंपं सगळी धडधाकट आहेत, मेलंय ते दुसरंच काहीतरी.

नाक गेलं तर लोक म्हणतील, त्यात काय एवढं, डोळे तर नाही ना गेले? तुमच्या-माझ्या बाबतीत ठीक आहे. पण मॅलकी आयर्लंडातल्या कार्नबॅनच्या भट्टीत एकतीस वर्षं पिंपं हुंगायच्या कामावर होता. व्हिस्की भट्टीतून निघते तेव्हा पाण्यासारखी पांढरी असते, रॉकेलची धाकटी बहीण. तिला रंग, गोडी, अक्कल जी काय येते ती वर्षानुवर्षं लाकडात झोपून. शेरी म्हणजे गोडसर वाइन, तिची रिकामी झालेली पिंपं स्पेनहून येतात, अमेरिकेतून त्यांच्या व्हिस्कीची येतात, अधूनमधून समुद्रापलीकडून स्कॉटलंडचीही येतात. कागदावर असतं एक, आत निघतं दुसरं. व्यापारी तो व्यापारी. म्हणून भरण्याआधी कुणीतरी प्रत्येक पिंपात नाक घालून खडूने खूण करावी लागते. शेरीला गोल, अमेरिकेला रेघ, नासक्याला फुली. चुकून स्कॉटलंडचं धुरकट पिंप शेरीचं म्हणून भरलं गेलं, तर बारा वर्षं कुणाला पत्ता लागत नाही, आणि तेराव्या वर्षी बाटली उघडली की आत धुराडं. असा हा जबाबदारीचा माणूस. त्याचं नाव बाटलीवर कुठे असतं? कुठेच नाही. बाटलीवर जहाज छापतात, वीणा छापतात, मालकाचा मेलेला पणजोबा छापतात.

मॅलकीने कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर काय झालं असतं, ते त्याला रोज फाटकाशी दिसत होतं. तिथे फिनबार उभा असायचा. फिनबार एके काळचा गडी, भरलेली पिंपं एकटा लोळवायचा. त्याची पाठ गेली तेव्हा कंपनीने त्याला काढलं नाही, कंपनी दयाळू. तिने त्याला हिरवं जाकीट चढवलं, डोक्यावर सोनेरी बकलाची उंच हिरवी टोपी ठेवली आणि पर्यटकांच्या बसपुढे उभा केला. दिवसातून अकरा वेळा त्याने म्हणायचं, "शंभर हजार वेळा स्वागत!" मग पर्यटक त्याच्याबरोबर फोटो काढायचे आणि एखादी म्हातारी त्याचा गाल ओढायची. मॅलकीच्या अंगावर काटा यायचा. कपाटात दुसरं हिरवं जाकीट घडी घालून ठेवलंय हेही त्याला ठाऊक होतं. त्याच्याच मापाचं.

बाहेरच्यांपासून लपवणं सोपं होतं. घरी बायको होती.

"वा! काय घमघमाट सुटलाय, डिम्फना!" चौथ्या दिवशी स्वयंपाकघरात शिरता शिरता तो म्हणाला.

"हो का? कशाचा?"

"खारवलेल्या मांसाचा. आणि कोबीचा. शनिवार आहे ना आज."

"मॅलकी, मांस अजून खाटकाकडे आहे. शेगडीवर माझा हात पुसायचा टॉवेल जळतोय."

त्याने वळून पाहिलं. खरंच जळत होता. डिम्फनाने तो चिमट्याने उचलून मोरीत टाकला, नळ सोडला आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"कधीपासून?"

"कधीपासून काय?"

"मला बनवू नकोस. चार दिवस झाले, तू दूध नासलंय ते न कळता पितोयस. मी मुद्दाम फेकलं नाही. म्हटलं, बघू किती पितो."

मॅलकी खुर्चीत बसला. साठीला टेकलेला माणूस, पण चेहरा असा की आईने जत्रेत हात सोडलाय. "डिम्फना," तो म्हणाला, "मला ती टोपी घालायची नाहीये."

बस. एवढंच बोलला. पण तिला एकदम सगळं कळलं.

आता गंमत अशी की डिम्फनाने उभ्या आयुष्यात दारूचा थेंब चाखला नव्हता. बाराव्या वर्षी बिशपपुढे शपथ घेतली होती, आणि त्या गावात शपथ घेतलेल्या माणसाच्या कोटावर एक छोटी पिन असते, ती तिच्या प्रत्येक कोटावर होती, रेनकोटावरसुद्धा. पण नाक? शेजारणीच्या घरी अंडं उकडतंय की तळतंय, हे ती आपल्या अंगणातून सांगायची. मुलगा शाळेत असताना कुठल्या पोराची सिगारेट ओढून आलाय तेही सांगायची, पोराच्या नावासकट.

ती सरळ फादर मॅकगर्ककडे गेली.

"फादर, वास घेतला तर शपथ मोडते का?"

"शपथ घशाची असते, डिम्फना. नाकाचं तिच्यात काही लिहिलेलं नाही."

"म्हणजे घेऊ?"

फादरने जरा विचार केला. "घे. पण आवडीने घेऊ नकोस."

दुसऱ्या दिवसापासून कारभार सुरू झाला. मॅलकी दिवसभर नव्या पिंपांच्या बुचाच्या कडेला आतून आकड्याच्या सुरीने लाकडाचं एक एक सालपट काढायचा, पावाच्या कागदात गुंडाळायचा, वर पिंपाचा नंबर लिहायचा आणि पुड्या जेवणाच्या डब्यात भरून घरी आणायचा. जेवणं झाली, भांडी झाली की डिम्फना टेबलाशी बसायची, हात साबणाने धुऊन, जपमाळ घ्यायला बसावं तशी.

"हं. मनुकांचा केक. नाताळच्या आदल्या दिवशीचा, अजून कापायचाय."

"शेरी. ताजी," मॅलकी लिहायचा, शेजारी तिचे शब्दही.

"हा पण मनुकांचाच, पण आठ दिवसांचा. पाहुणे येऊन गेलेत."

"शेरी. दुसऱ्यांदा वापरलेलं."

"कस्टर्ड. वर नारळ किसलाय कुणीतरी."

"अमेरिका."

"आणि हे... शी! हे इस्पितळ आहे. इस्पितळाला आग लागलीये आणि ती समुद्राच्या पाण्याने विझवलीये."

"दाजींकडचं!" मॅलकी आनंदाने ओरडायचा, कारण त्याची बहीण तिकडे दिली होती. "स्कॉटलंडचं! बाजूला काढ!"

या कारभाराची मेख एकाच ठिकाणी होती: सालपटं रात्री हुंगली जाणार, म्हणजे खडू दुसऱ्या दिवशी लागणार. पूर्वी पिंप आलं, हुंगलं, भरलं, असं होतं. आता उशीर का? कामगारांनी विचारलं तेव्हा मॅलकी गंभीरपणे म्हणाला, "प्रवासातून आलेल्या पिंपाला एक रात्र विसावा द्यावा लागतो. त्याशिवाय ते खरं बोलत नाही." हे इतकं पटलं सगळ्यांना, की महिनाभरात फिनबार टोपीखालून पर्यटकांना सांगू लागला, "आमच्याकडे तीनशे वर्षांची प्रथा आहे, पिंपाला एक रात्र झोपू देतात." पर्यटक डोळे पुसायचे. हे असं असतं. माणसाला झोपायला मिळालं नाही तर कुणी ढुंकून बघत नाही.

नवी मॅनेजरीण ओर्ला डेव्हेनी. वय एकतीस, रसायनशास्त्राची पदवी, बोलणं मऊ, नजर तिखट. ती मॅलकीचे कागद वाचून म्हणाली, "तुमची निरीक्षणं अलीकडे फार छान होतायत हं. 'पाहुणे येऊन गेलेत.' कुठून सुचतं?" मॅलकी म्हणाला, "वयाने येतं." सहा महिने एका बाईच्या नाकावर अख्खी भट्टी चालली, आणि हजेरीपटावर तिचं नाव नव्हतं. हे काही एकट्या कार्नबॅनमध्येच होतं असं नाही.

सगळं सुरळीत चाललं असतं, पण ऑगस्ट आला, आणि ऑगस्टात डूगल येतो.

डूगल म्हणजे मॅलकीच्या बहिणीचा नवरा, समुद्रापलीकडच्या, स्कॉटलंडातल्या आयला बेटाचा. आकाश स्वच्छ असलं की कार्नबॅनच्या धक्क्यावरून त्याचं बेट दिसतं, आणि मॅलकीच्या मते तेवढ्यावरूनच तिकडचा वास यायचा. डूगल स्वतः बेटावरच्या भट्टीत सातूला मोड आणून पीटच्या धुरावर वाळवण्याचं काम करायचा. पीट म्हणजे दलदलीत कापून वाळवलेली काळी माती, सरपणासारखी जळते. ती आयर्लंडातही आहे, रग्गड आहे, आणि सगळं भांडण तिथेच सुरू व्हायचं.

"आम्ही ती चुलीत घालतो, दाजी," मॅलकी म्हणायचा. "पाय शेकतो. तुम्ही ती पिता."

"आमच्या व्हिस्कीला चव तरी आहे, मेव्हणे. तुम्ही तीन-तीनदा गाळता. तिसऱ्यांदा गाळल्यावर राहतं काय? बाप्तिस्म्याचं पाणी."

"तुम्ही दोनदा गाळून थांबता, कारण तिसऱ्यांदा सरपण जाळायचं जिवावर येतं. कंजूष लेकाचे."

"आणि शेरीच्या पिंपात घालून गोड करता. म्हणजे म्हातारीला लिपस्टिक."

"तुम्हीही घालताच की शेरीच्या पिंपात!"

"घालतो. पण आमची म्हातारी लिपस्टिक लावूनही विडी ओढते."

बावीस वर्षं दरसाल जत्रेच्या शनिवारी, दुपारी, कॉर्मॅकच्या दारूच्या दुकानाच्या मागच्या खोलीत दोघांचा सामना व्हायचा. प्रत्येकाने तीन बाटल्या लपवून आणायच्या, कुठल्याही देशाच्या. दुकानदार कॉर्मॅक पडद्यामागे ओतणार, आणि दुसऱ्याने ओळखायचं, इकडची की तिकडची. हरलेल्याने स्टुलावर चढून समोरच्याच्या देशाच्या व्हिस्कीचं तीन वाक्यांत कौतुक करायचं, तोंड वाकडं न करता. मॅलकी तेरा वेळा जिंकला होता, डूगल नऊ वेळा. गावात याची वाट नाताळापेक्षा जास्त बघायचे.

"आजारी पडतो मी," मॅलकी आदल्या दिवशी म्हणाला. "पाठ धरली म्हणतो."

"पाठ म्हणालास की ती हिरवी टोपी," डिम्फना म्हणाली. "आणि ओर्लाबाई येणारेत उद्या. फोटोवाला घेऊन. पर्यटकांच्या पुस्तकात तुझं नाक छापायचंय म्हणे त्यांना. गप बस आणि ऐक. पेले कोण आणून देतं?"

"तूच. दरवर्षी."

"का?"

"तुझ्या कोटावर पिन आहे म्हणून. तुझ्यावर कोण संशय घेणार?"

"मग? पडद्यापासून टेबलापर्यंत अकरा पावलं आहेत, मी मोजलीत. अकरा पावलांत मी वास घेते. आयरिश असली तर पेला तुझ्या उजव्या हाताशी ठेवीन, स्कॉच असली तर डाव्या. तू नाक घालून डोळे मीट, बिशपासारखा. आणि सांग."

"हे पाप नाही ना?"

"फादरना विचारू का?"

"नको," मॅलकी घाईघाईने म्हणाला.

शनिवारी कॉर्मॅकची मागची खोली खिडक्यांपर्यंत भरली. जत्रेतली माणसं खिशात वाळवलेलं समुद्रशेवाळ घेऊन चघळत उभी. डूगल बोटीवरून थेट आलेला, चौकोनी माणूस, गालांवर वाऱ्याची लाली, बगलेत गोणपाटात गुंडाळलेल्या तीन बाटल्या. पुढच्या बाकावर ओर्ला, शेजारी फोटोवाला.

"काय मेव्हणे, नाक आणलंय ना?" डूगलने विचारलं. तो दरवर्षी हेच विचारायचा. यंदा मॅलकीने हात लावून बघितलं.

आधी डूगलची पाळी. पहिला पेला, त्याने नुसता डोलवला आणि म्हणाला, "तुमची." बरोबर. दुसरा, "आमची." बरोबर. तिसऱ्याला बराच वेळ लावला. हुंगला, चाखला, परत हुंगला. "धूर आहे," तो म्हणाला. "थोडा, पण आहे. आमची."

कॉर्मॅकने बाटली बाहेर काढली. आयरिश. डब्लिनकडची, पीटच्या धुरावर केलेली. खोली हसून कोसळली.

"हा दगा आहे!" डूगल लालबुंद झाला. "आयरिश माणसाने धूर घालायचा नाही असं ठरलंय!"

"कुठे ठरलंय, दाजी? दलदल काय एकट्या तुमच्या बापाची?"

मग मॅलकीची पाळी. डिम्फना ताट घेऊन पडद्यामागून निघाली, चेहरा चर्चात मिस्साला निघालेल्या बाईसारखा. पहिला पेला डावीकडे. मॅलकीने नाक घातलं, डोळे मिटले, फोटोवाल्याने फोटो काढला. "स्कॉच." बरोबर. दुसरा उजवीकडे. "आपली." बरोबर. टाळ्या. ओर्ला शेजाऱ्याला म्हणाली, "बघा, कुठल्या यंत्राला हे जमणार नाही." मॅलकीच्या मानेवरून घाम ओघळला.

तिसरा. डिम्फना निघाली. पाचव्या पावलाला तिचं नाक किंचित हललं, आठव्या पावलाला चेहरा खुलला. मनुकांचा केक! धुराचा मागमूस नाही, इस्पितळ नाही, आग नाही. तिने ठामपणे पेला उजवीकडे ठेवला, आणि ठेवताना जरा आपटलाही, की समजलं का, उजवीकडे.

मॅलकीने नाक घातलं, डोळे मिटले. आता फक्त "आपली" म्हणायचं, की संपलं. जिंकला. टोपी लांब राहिली. पण रिवाज असा की तिसरा पेला चाखल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही. त्याने एक घोट घेतला.

घोट जिभेवर बसला.

बसला, घसरला नाही. आयरिश घसरते. तीनदा गाळलेली ती, जिभेवरून तिला उतरता येतं, गुळगुळीत, आणि मागे कच्च्या सातूची एक किंचित तिखट, सायीसारखं चिकट पुट राहतं, कारण आयर्लंडात मोड आलेल्या सातूबरोबर बिनमोडाचाही घालतात. ही तशी नव्हती. ही जड होती, तेलकट होती, जिभेच्या दोन्ही कडा धरून बसली होती, सासरी आलेल्या पाहुण्यासारखी. वास नसला म्हणून काय झालं, एकतीस वर्षांची जीभ होती ती. ती सांगत होती: दोनदा गाळलीये. नक्की दोनदा.

मॅलकीने एक डोळा उघडला. डूगल बुटाच्या टोकाकडे बघत होता. डूगल बुटाकडे कधी बघायचा? पत्त्यांत एक्का लपवला की.

इकडे उजव्या हाताशी बायकोचं नाक. तिकडे तोंडात स्वतःची जीभ. सहा महिने जे नाक एकदाही चुकलं नव्हतं. आणि जी जीभ सहा महिने कुणी विचारात घेतली नव्हती, खुद्द त्यानेसुद्धा. शहाण्या माणसाने नाकाचं ऐकलं असतं. पण शहाणा माणूस बावीस वर्षं मेव्हण्याशी पैजा लावेल कशाला?

"स्कॉच," मॅलकी म्हणाला. "तुमच्या बेटावरची, दाजी. पण बिनधुराची. पीट न जाळता केलीत, शेरीच्या पिंपात घातलीत आणि माझ्याकडे आणलीत. लाज नाही वाटली?"

कॉर्मॅकने गोणपाटातून बाटली वर काढली. आयला. शेरीचं पिंप. बिनधुराची. खोलीत असा गलका उठला की बाहेर जत्रेतली घोडी बिथरली.

आणि त्या गलक्यात ताट आदळलं. पितळी ताट, फरशीवर.

"मी उजवीकडे ठेवला होता!"

सगळे वळले. डिम्फना उभी होती, गाल पेटलेले, कोटावर पिन थरथरत होती.

"उजवीकडे! धडधडीत उजवीकडे! सहा महिने माझ्या नाकावर जगलास तू, रोज रात्री डबाभर लाकडं हुंगली मी, हातांना वास, उशीला वास, आणि आज चारचौघांत माझं ऐकायचं सोडून जीभ चालवतोस? माझ्यावर विश्वास नाही तुझा?"

"डिम्फना," मॅलकी हळूच म्हणाला, "पण ते स्कॉचच निघालं गं."

"निघू दे! तो मुद्दा नाही!"

मग तिला कळलं आपण काय बोलून बसलो. खोलीला कळायला अजून दोन क्षण लागले. फोटोवाल्याने कॅमेरा खाली केला. ओर्ला उठून उभी राहिली.

"मॅलकी," ती म्हणाली, "हे काय म्हणतायत त्या?"

आणि इथे डूगलने जे केलं ते त्याच्या खात्यावर लिहून ठेवायला हवं. बावीस वर्षांचा वैरी तो. पण तो मोठ्याने हसला, टेबलावर थाप मारली आणि म्हणाला, "वहिनी चेष्टा करतायत हो बाई! रागावल्या की त्या असंच काहीबाही बोलतात. आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. बायकांचं काय मनावर घ्यायचं!"

वाट मोकळी होती. ओर्लाही ती धरायला तयार दिसत होती. कुणाला नको असतं सोपं उत्तर? मॅलकीने फक्त हसायचं होतं. हसला असता तर सोमवारी परत पिंपं, परत डबा, परत सालपटं, कुणी काही म्हटलं नसतं. त्याने डिम्फनाकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती, खाली वाकून ताट उचलत होती. बावळट ठरली होती ती, भर खोलीत, आणि ठरू देत होती. त्याच्या टोपीसाठी.

"चेष्टा नाही," मॅलकी म्हणाला. आवाज चिरका आला, म्हणून परत म्हणाला. "चेष्टा नाही, दाजी. मला वास येत नाही. फेब्रुवारीपासून नाही. घोड्याची लीद काय आणि गुलाब काय, मला सारखंच. हजारावर पिंपं तिने पारखलीत. एकही चूक नाही. मी नुसता खडू मारायचो."

मग कॉर्मॅकने गळा साफ केला. तो पंच होता, त्याला कर्तव्य होतं.

"लबाडी झाली," तो म्हणाला. "म्हणजे मॅलकी हरला. स्टूल."

मॅलकी स्टुलावर चढला. त्याने टोपी काढली, स्वतःची, कापडी, आणि छातीशी धरली.

"स्कॉच चांगली असते," तो म्हणाला. "विशेषतः तिच्यात धूर नसला की. म्हणजे ती आयरिश व्हायचा प्रयत्न करते तेव्हा."

डूगलच पहिला हसला. हसून हसून त्याला बाकावर बसावं लागलं.

सोमवारी दोघांना ऑफिसात बोलावणं आलं. मॅलकी रविवारचा कोट घालून गेला. टेबलावर हिरवं जाकीट घडी करून ठेवलेलं होतं. ओर्लाने ते त्याच्यापुढे सरकवलं नाही, पण उचललंही नाही.

"नियमाप्रमाणे," ती म्हणाली, "हुंगणाऱ्याला वास येत नसेल तर त्याला दुसरं काम द्यावं लागतं. फाटकावर जागा आहे. आणि मिसेस मॅकेंब्रिज, तुम्ही आम्हाला मदत केलीत त्याबद्दल कंपनी आभारी आहे. आम्ही तुम्हाला एक बाटली..." ती थांबली. पिनेकडे नजर गेली. "एक केक देऊ."

"केक मला करता येतो," डिम्फना म्हणाली. "मला नोकरी पाहिजे."

"तुम्हाला?"

"मग पिंपं कोण हुंगणार, तुम्ही? तुमच्या अंगावरच्या अत्तराने तुम्हाला तुमचाच वास येत नसेल. माझ्या नावाने नोकरी, हजेरीपटावर माझं नाव, त्याच्याएवढाच पगार. चाखणार नाही, पिन काढणार नाही. शुक्रवारी लवकर सुटणार, मला गुडघ्यांच्या डॉक्टरकडे जायचं असतं."

ओर्ला हसली नाही, हे तिचं मोठेपण. तिने खिडकीतून बाहेर पाहिलं. "आणि मिस्टर मॅकेंब्रिज?"

"त्याची जीभ शाबूत आहे. हातही. लग्नाआधी तो पिंपं बांधायचा, लोखंडी कड्या ठोकायचा. बाहेर गळकी पिंपं पडलीत ढीगभर, त्यांना कोण बघतं? आणि व्हिस्की पिकली की चाखायला त्याला बोलवा. नाक माझं, जीभ त्याची. जोडीने घ्यायचं तर घ्या, नाहीतर दोघंही नाही."

मॅलकी तिच्याकडे बघतच राहिला. तेहतीस वर्षांच्या संसारात त्याच्या बाजूने एवढं कुणी बोललं नव्हतं, आणि बोलणारी बाई त्याला एकदाही विचारत नव्हती.

ओर्लाने जाकीट उचललं आणि खणात टाकलं.

पुढच्या सोमवारी डिम्फना कामावर आली. पांढरा कोट दिलेला, त्यावर पिन लावलेली. अंगणात पिंपांची रांग. मॅलकीने आठवडाभर खपून पहिलं पिंप बांधलं होतं: स्पेनचं, चार फळ्या फुटलेल्या, त्याने नव्या घातल्या, कड्या घट्ट ठोकल्या, पाणी भरून थेंब गळत नाही हे तीनदा बघितलं. असं काम त्याच्या हातून तीस वर्षांत झालं नव्हतं. कामगार बघायला उभे होते. तो खडू घेऊन तयार, गोल काढायला हात उचललेला.

डिम्फनाने बूच काढलं. नाक लावलं. सरळ उभी राहिली.

"गंधक," ती म्हणाली. "आगपेटीची काडी ओढल्यासारखा वास येतोय. स्पेनवाल्यांनी आत गंधकाची बत्ती जाळलीये. नासकं."

"नासकं कसं? गळत नाही एक थेंब!"

"गळत नाही. पण नासकं आहे."

"मी आठ दिवस..."

"मला माहीत आहे. मी तुझे हात चोळून दिलेत रोज. तरी नासकं."

"परत हुंग. वारा तिकडून येतोय."

तिने परत हुंगलं, कामगारांच्या समाधानासाठी. मग त्याच्याकडे पाहिलं, आणि तिची नजर मऊ होती, पण उत्तर तेच होतं.

मॅलकीने खडूचं टोक पिंपाला लावलं. मग एक रेघ ओढली, आणि तिच्यावर दुसरी.

"वाकडी आली फुली," डिम्फना म्हणाली. "पुसून सरळ काढ. माझ्या नावावर जाणारे ती."